चित्र आपले, सही कोणाची?

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज या लिलावगृहात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. हुसेन यांच्या मोठेपणाबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु हेच हुसेन ऐन तारुण्यात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते, ही गोष्ट ती बातमी वाचताना लक्षात ठेवली पाहिजे. त्या काळात शिडीवर चढून, रंगाचा डबा हातात धरून फलक रंगवणारे ते एकटे नव्हते. बाकीच्यांचे काय झाले? त्यांची नावे कोणत्या ग्रंथात आहेत? त्यांची चित्रे कोणत्या संग्रहालयात आहेत? कलेच्या बाजाराला हे प्रश्न पडत नाहीत हे समजण्यासारखे आहे. पण ज्या समाजाच्या भिंती याच हातांनी रंगवल्या, त्या समाजालाही हे प्रश्न पडू नयेत, ही चिंतेची बाब आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या काही वर्षांत 'रेट्रो' हा शब्द फॅशनचा झाला आहे. जुनी कॅलेंडरे, सिनेमाची हाताने रंगवलेली पोस्टरे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, काडेपेटीची लेबले, दुकानांच्या पत्र्याच्या पाट्या हे सारे गोळा करणारा एक वर्ग तयार झाला आहे. मुंबईच्या चोरबाजारात पूर्वी जे रद्दी म्हणून ढिगात पडलेले असे, ते आज काचेच्या चौकटीत बसून हॉटेलांच्या भिंतीवर लटकते. उद्योजिका प्रिया पॉल यांच्या संग्रहात अशा छापील चित्रांचा मोठा साठा आहे आणि 'तसवीर घर' या अभ्यासकांच्या उपक्रमाने तो संगणकावर आणला. कजरी जैन, ख्रिस्तोफर पिनी यांच्यासारख्या विद्वानांनी कॅलेंडरच्या चित्रांवर मोठे ग्रंथ लिहिले. ज्या चित्रांना कालपर्यंत 'बाजारू' म्हणून हिणवले जात होते, ती आज अभ्यासाचा आणि गुंतवणुकीचा विषय झाली. हा बदल स्वागतार्ह आहे. प्रश्न एवढाच, की या नव्या हिशेबात आपली चित्रे कोठे आहेत आणि ती काढणारा चित्रकार कोठे आहे?

इतिहास थोडक्यात पाहू. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या छापखान्याने देवदेवतांची चित्रे घरोघर नेली. ज्या अस्पृश्यांना देवळाच्या पायरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या झोपडीतही कागदाचा देव चार आण्याला पोहोचला. देवळातल्या देवाचे दार मात्र उघडले नाही. त्यासाठी १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा लागला आणि तो पाच वर्षे चालूनही दार बंदच राहिले. म्हणजे छापील चित्र ही आपल्यासाठी निव्वळ शोभेची वस्तू कधीच नव्हती. भिंतीवर कोण असावे आणि कोण नसावे, हा आपल्याकडे कायम राजकीय प्रश्न होता.

रविवर्मांनंतर मराठी घरांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांचे युग आले. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला, तर मुळगावकरांची देवादिकांची चित्रे कॅलेंडरांतून खेडोपाडी गेली. सर्वसामान्य मराठी माणसाने या दोघांवर जिवापाड प्रेम केले. कलेच्या प्रतिष्ठित दालनांनी मात्र त्यांना बराच काळ उंबऱ्याबाहेरच ठेवले. पण निदान त्यांची सही चित्राच्या कोपऱ्यात ठळक असे. आज संग्राहक ती सही पाहूनच हात पुढे करतो. आपल्या चित्रकाराच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा घ्यायला लावल्या. त्यानंतर लाखो घरांतून देवांच्या तसबिरी उतरल्या. भिंतीवर खिळा तसाच राहिला आणि त्याभोवती फिकट चौकोन उरला. त्या चौकोनात काय लावायचे? अवघ्या दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. तेव्हा समाजाला बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे चित्र हवे होते आणि ते परवडेल अशा किमतीत हवे होते. कोणत्याही कला महाविद्यालयाने हे काम हाती घेतले नाही. कोणत्याही सरकारी खात्याने त्यासाठी निविदा काढली नाही. हे काम केले ते फलक रंगवणाऱ्या, नावाच्या पाट्या लिहिणाऱ्या, फोटो फ्रेमच्या दुकानात रंग भरणाऱ्या कारागिरांनी. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावरून त्यांनी रंगीत बाबासाहेब घडवले. सूट निळा, टाय लाल, हातात संविधान, मागे उगवता सूर्य किंवा पिंपळाचे पान, वर धम्मचक्र. रमाईच्या लुगड्याचा रंग कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. तो कोणा कारागिराने ठरवला आणि आज तोच आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी पिणारे बाबासाहेब आपण चित्रांतूनच पाहिले. एका समाजाची दृश्य-स्मृती ज्यांनी घडवली, त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

या चित्रांकडे विद्वानांचे लक्ष गेले नाही असेही नाही. गॅरी टार्टाकोव या अमेरिकी कला-इतिहासकाराने नवबौद्धांच्या प्रतिमांचा अभ्यास केला आणि २०१२ साली दलित कला व दृश्यप्रतिमा या विषयावर ग्रंथ संपादित केला. अमेरिकेतून आलेल्या माणसाला आपल्या भिंतीवरचे चित्र अभ्यासण्याजोगे वाटते आणि आपण ते घर बदलताना टेम्पोत न घालता तिथेच सोडून येतो, यावर विचार व्हायला हवा.

आमच्या शहाडचेच उदाहरण घ्या. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पहिले स्टेशन. एका बाजूला सेंच्युरी रेयॉन, पलीकडे उल्हासनगरचे कॅम्प, नदीपलीकडे मोहने आणि तिथली एनआरसी कंपनी. या कारखान्यांच्या आधाराने खान्देश, मराठवाडा, विदर्भ आणि कोकणातून आलेला कामगार येथे वसला. त्यात बौद्ध समाज मोठा. चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत त्याने सर्वप्रथम काय लावले असेल, तर बुद्ध-भीमाची तसबीर. शहाडचे बिर्ला मंदिर पाहायला लांबून लोक येतात. भांडवलदाराने बांधलेल्या त्या वास्तूची देखभाल नीट होते. पण त्याच भांडवलदाराच्या यंत्रावर राबलेल्या कामगाराच्या खोलीतले चित्र जपायला कोणी नाही. एनआरसी २००९ साली बंद पडली. हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. वसाहती रिकाम्या झाल्या, जुन्या चाळी पाडून इमारती उभ्या राहू लागल्या. सामान हलते तेव्हा पहिली अडगळ ठरते ती वाळवी लागलेली फ्रेम. काच वेगळी, लाकूड वेगळे, कागद किलोच्या भावाने, असा तिचा हिशेब भंगाराच्या गाड्यावर होतो. बाबासाहेबांचे चित्र रद्दीत द्यायला हात धजत नाही, म्हणून पुष्कळ घरांत ते श्रद्धेने नदीत सोडले जाते. भावना प्रामाणिक आहे, पण परिणाम एकच होतो. चित्र नष्ट होते.

दुसरे संकट तंत्रज्ञानाचे. या शतकाच्या सुरुवातीला फ्लेक्स आले आणि दोन-चार वर्षांत हाताने बॅनर रंगवणारे चित्रकार बेकार झाले. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात अमुक 'आर्ट्स', तमुक 'पेंटर' अशा पाट्यांची जी दुकाने होती, ती एकेक करून झेरॉक्सची किंवा मोबाइलची दुकाने झाली. या चित्रकारांनी नामांतर आंदोलनाचे कापडी फलक रंगवले. पँथरच्या सभांचे पडदे रंगवले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे देखावे उभे केले. मोर्चा संपला की कापड धुऊन पुन्हा वापरायचे, ही चळवळीची गरिबी होती. त्यामुळे १९७८ ते १९९४ या नामांतराच्या सोळा वर्षांत रंगवले गेलेले किती फलक आज शिल्लक आहेत, हे शोधायला निघालो तर हाती फारसे काही लागत नाही.

काही मंडळी विचारतील, की बेरोजगारी, शिष्यवृत्ती, अत्याचार असे प्रश्न जळत असताना जुन्या चित्रांचे काय घेऊन बसलात? प्रश्न योग्य आहे, पण वकिलाच्या नजरेने पाहा. न्यायालयात भावना चालत नाही, पुरावा चालतो. इतिहासाच्या न्यायालयातही तेच. १९३२ ते १९५६ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांच्या व्यंगचित्रकारांनी बाबासाहेबांना कसे रंगवले, हे उन्नामती श्याम सुंदर या तरुण संशोधकाने जुनी दप्तरे धुंडाळून शंभरावर व्यंगचित्रे गोळा करून दाखवले. त्याचे पुस्तक २०१९ साली आले. २०१२ साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, तेव्हा आपल्याला 'तुम्हाला विनोद कळत नाही' असे ऐकवले गेले. त्या टोमण्याला खरे उत्तर मोर्चाने दिले नाही, ते या संग्रहाने दिले. एक चित्र विनोद म्हणून खपवता येते, शंभर चित्रे एकत्र ठेवली की त्यामागची मनोवृत्ती उघडी पडते. ही संग्रहाची ताकद आहे. जर विरोधकांची चित्रे गोळा करून एवढे सिद्ध होते, तर आपल्याच माणसांनी प्रेमाने काढलेली चित्रे गोळा केल्याने काय सिद्ध होईल याचा विचार करा.

आणि न जपल्याने काय होते, हेही आपण भोगले आहे. १९६७ च्या जानेवारीत दिल्लीच्या अलिपूर रोडवरील निवासस्थानी बाबासाहेबांची कागदपत्रे अंगणात टाकली गेली आणि पावसात भिजली. काय गेले याची मोजदाद कधीच होणार नाही. जे उरले ते वसंत मून यांच्यासारख्यांनी वाचवले, म्हणून १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे यांचे खंड निघू शकले. आपल्या कल्याणचे विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची दुर्मीळ छायाचित्रे, पत्रे आणि समकालीनांच्या आठवणी अनेक दशके चिकाटीने गोळा केल्या. पुण्याच्या सिम्बायोसिसचे संग्रहालय किंवा नागपूरजवळचे चिचोली येथे बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपल्या आहेत. हे सारे मोलाचे आहे. मात्र ते बाबासाहेबांच्या वस्तूंचे जतन आहे. बाबासाहेबांना जनतेने कसे पाहिले, याचे जतन करणारी जागा अजून उभी राहायची आहे.

आता कायद्याकडे वळू. पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षे झालेली कलाकृती पुरातन वस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९५६ नंतरच्या आपल्या चित्रांना हे संरक्षण मिळायला २०५६ उजाडावे लागेल. तोवर कागद टिकेल काय? याच कायद्याने शंभर वर्षांच्या आतील काही चित्रकारांची चित्रे कलानिधी म्हणून घोषित करता येतात. आजवर असे नऊ चित्रकार आहेत. रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ हे ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी, राजा रविवर्मा, अमृता शेरगिल आणि निकोलस रोरिक. यात एकही मराठी नाव नाही आणि अस्पृश्य समाजातून आलेला एकही चित्रकार नाही. ही यादी कोणाच्या घराण्यातून सुरू होते आणि कोठे संपते, हे वाचकांनीच पाहावे.

दुसरा कायदा कॉपीराइटचा, १९५७ चा. त्यात १९९४ साली कलम ५३-क घालण्यात आले. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. पूर्वी हा वाटा कॉपीराइट मंडळ ठरवत असे, २०२१ नंतर हे काम वाणिज्यिक न्यायालयाकडे आले. वाचायला ही तरतूद फार न्याय्य वाटते. पण यात एक मेख आहे. हा हक्क फक्त त्याला मिळतो, जो कलम १७ प्रमाणे चित्राचा पहिला हक्कधारक होता. आणि कलम १७ सांगते, की मोबदला देऊन दुसऱ्याने काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कधारक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणजे कॅलेंडरवाल्याने दोनशे रुपये टिकवून चित्र काढून घेतले, की चित्रकाराचा हात संपला. पन्नास वर्षांनी तेच मूळ चित्र लाखाला गेले तरी त्याच्या नातवंडांना कायदा दमडी देत नाही. मालदार चित्रकार स्वतःसाठी चित्र काढतो, म्हणून त्याला वाटा मिळतो. गरीब चित्रकार सांगकाम्या ठरतो, म्हणून त्याला मिळत नाही. कायद्याच्या भाषेत जात दिसत नाही, परिणामात दिसते.

तरीही दोन दारे उघडी आहेत. कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी 'हे चित्र माझे आहे' असे म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचे वारसही तो बजावू शकतात. हे कलम केवळ कागदावरचे नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली उखडले, तेव्हा ते भारत सरकारविरुद्ध लढले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. दुसरे दार कलम २३ चे. निनावी प्रसिद्ध झालेल्या चित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. पण त्या मुदतीत चित्रकाराचे नाव उघड झाले, तर तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. १९७० साली छापलेल्या निनावी चित्राची मुदत २०३० अखेर संपते. म्हणजे नाव शोधणे हा नुसता स्मृतीचा प्रश्न नाही, तो मुदतीचा प्रश्न आहे.

उद्या हा बाजार आपल्या दारात येणार, याबद्दल शंका नसावी. चित्तप्रसाद यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. भट्टाचार्य हे जातीचे आडनाव टाकून दिलेला हा बंगाली चित्रकार. त्याने १९४३ च्या दुष्काळावर काढलेली 'हंग्री बेंगाल' ही पुस्तिका इंग्रजांनी जप्त करून जाळली. पुढे तो मुंबईत अंधेरीला अनेक वर्षे गरिबीत राहिला आणि १९७८ साली वारला. २०११ साली दिल्लीच्या एका मोठ्या दालनाने त्याच्या चित्रांचे भव्य प्रदर्शन भरवले. भुकेची चित्रे भरल्या पोटाच्या घरांत पोहोचली. निदान चित्तप्रसाद या नावाने पोहोचली. आपली चित्रे 'लोककला', 'अनामिक कारागीर' अशा शिक्क्याने जातील आणि त्या शिक्क्याखाली शहाडचा, उल्हासनगरचा, नागपूरचा जिवंत माणूस गाडला जाईल.

आणखी एक आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो. आपण मूर्तिपूजा सोडली, मग चित्रांचे स्तोम कशाला? उत्तर सोपे आहे. पूजा करणारा चित्राला हार घालतो आणि प्रश्न विचारत नाही. संग्रह करणारा चित्र उलटे करून पाहतो आणि विचारतो, की कोणी काढले, कोठे छापले, कोणी विकत घेतले. हा प्रश्न विचारणे हीच चिकित्सा आहे. भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत लिहिणारे प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी मानधन न घेता पानापानावर आपले नाव राहावे एवढीच अट घातली, असे सांगितले जाते. संसदेच्या आवारात १९६७ साली उभारलेला बाबासाहेबांचा पुतळा बी. व्ही. वाघ या शिल्पकाराचा. त्या पुतळ्याला अभिवादन करणाऱ्या आपल्या किती कार्यकर्त्यांना हे नाव माहीत आहे?

काय करता येईल ते सांगतो. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील जुन्या तसबिरी, कॅलेंडरे, गीतांच्या पुस्तिकांची मुखपृष्ठे, कॅसेटची वेष्टणे यांची एक वही करावी. चित्र, मोजमाप, छापखान्याचे नाव, सही असल्यास सही आणि ते कोणाच्या घरात केव्हापासून आहे, एवढे लिहावे. छापखान्याचे नाव बहुधा तळाला बारीक अक्षरांत असते, फ्रेम त्यावर बसलेली असते, म्हणून फ्रेम उघडून पाहावी. चित्र छापील आहे की हाताचे, हे भिंगाने कळते. ऑफसेटच्या छपाईत रंगाचे बारीक ठिपके ओळीने दिसतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये, त्याने कागद कायमचा जातो. ओल्या भिंतीपासून दूर, सपाट, आम्लविरहित कागदात ठेवावे. घरातून चित्र न हलवता चांगल्या उजेडात त्याचा फोटो घेतला तरी निम्मे काम होते.

वस्तीतील जुन्या पेंटरांना भेटावे. त्यातले बरेच सत्तरी ओलांडलेले असतील. कोणते फलक रंगवले, कोणी सांगितले, किती मिळाले हे त्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करावे. कोणाकडे मूळ चित्र असेल आणि ते घ्यायचे असेल, तर गरज पाहून भाव पाडू नये. लेखी पावती द्यावी, चित्रकाराचे नाव त्यात घालावे आणि पुढे विक्री झाल्यास वारसांना दहा टक्के देण्याची अट स्वतःहून लिहावी. कायदा जे देत नाही, ते करार देऊ शकतो. आपल्यातले जे नोकरदार, डॉक्टर, अभियंते आज हौसेने संग्रह करू लागले आहेत, त्यांनी ही अट पाळली तर बाजारालाही एक धडा मिळेल. तरुण वकिलांनी असा एक पानाचा नमुना करार तयार करून विहारांत ठेवावा. हे काम फुकट करण्यासारखे आहे.

सरकारकडेही मागणी केली पाहिजे. स्मारकांवर कोट्यवधी खर्च होतात, त्यातला थोडा भाग या चित्रांच्या नोंदणीसाठी आणि जतनासाठी राखून ठेवावा. कलम ५३-क मधील मेख काढून मोबदल्यावर चित्र काढणाऱ्यालाही पुनर्विक्रीत वाटा मिळावा, अशी दुरुस्ती आपल्या खासदारांनी सुचवावी. पण सरकारची वाट पाहत बसलो तर कागद थांबणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या घरातली एक तसबीर खाली उतरवा, मागची धूळ पुसा आणि तळाची बारीक अक्षरे वाचा. तिथे एखादे नाव सापडले, तर ते वहीत लिहून ठेवा. नाही सापडले, तर आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती माणसे आहेत तोवरच हे विचारता येणार आहे.